‘करीत आहे’ हे मलयात कसे म्हणावे?

बंगळुरू शहराच्या उत्तरेस सुमारे पस्तीस किलोमीटरांवर देवनहळ्ळी हे तालुक्याचे गाव आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून ठाऊक असते, खवय्याला तेथील पपनसांमुळे. कानडीत ‘चक्कोत’ म्हटले जाणारे हे फळ आता भौगोलिक मानांकनाने संरक्षित झाले आहे. 2008 साली येथे आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि या गावाला तिसरी ओळख लाभली. येथून कुआलालंपूर व सिंगापूर या दोन्ही नगरांना थेट विमाने जातात, आणि चारसाडेचार तासांत प्रवासी मलय भाषेच्या मुलुखात पोचतो. या विमानांत आता मराठी आजीआजोबाही बरेच दिसतात. मुलगा किंवा लेक तिकडे नोकरीस आहे, सून अथवा लेक बाळंत होणार आहे, तीन महिन्यांसाठी घर सांभाळावयाचे आहे, अशी त्यांची कारणे असतात.

घरात मराठी आणि बाजारात इंग्रजी, एवढ्यावर तेथे निभावते हे खरे. पण शेजारीण, भाजीवाली, दवाखान्यातील परिचारिका ही माणसे मलयात बोलू लागली, की आपण मुके होतो. म्हणून निघण्यापूर्वी थोडी मलय शिकावी, असे पुष्कळांना वाटते. अशा वाचकांसाठी या लेखात त्या भाषेचा एकच कोपरा उजळण्याचा विचार आहे. चालू असलेली क्रिया, म्हणजे जेवतो आहे, झोपली आहे, पाऊस पडत आहे, हे मलयात कसे सांगतात? वरवर हा एवढासा प्रश्न आहे. परंतु नवशिका मराठी माणूस अडखळतो तो बहुधा येथेच.

प्रथम आपल्या मराठीकडे पाहू. ‘तो पत्र लिहीत आहे’ या वाक्यात दोन गोष्टी आपण एकत्र बांधलेल्या असतात. ‘लिहीत’ हा शब्द क्रिया चालू आहे, संपलेली नाही, एवढेच सांगतो. ती केव्हा चालू आहे हे ‘आहे’ सांगते. त्याच्या जागी ‘होता’ घातले की काळ बदलतो, ‘असेल’ घातले की तर्क होतो; ‘लिहीत’ मात्र जागचे हलत नाही. देवनहळ्ळीच्या कानडी माणसाचीही हीच रीत आहे. ‘माडुत्तिद्दाने’ हा त्याचा लांबलचक शब्द फोडला, तर आत ‘माडुत्त’ म्हणजे करीत आणि ‘इद्दाने’ म्हणजे आहे असे दोन तुकडे मिळतात. शेजाऱ्यांच्या भाषा एकमेकींच्या वळणावर किती जातात, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आपल्याच सांगली जिल्ह्यातील कुपवाडचे आहे. तेथील मराठी, कानडी आणि उर्दू यांची वाक्यरचना कशी जवळ आली, याचा गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी 1971 साली प्रसिद्ध केलेला निबंध भाषाशास्त्रात आजही वाचला जातो.

मलय भाषा या कुटुंबातली नव्हे. तिच्यातील क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, पुरुषाप्रमाणे बदलत नाही, लिंगवचनाप्रमाणेही बदलत नाही. ‘माकान’ म्हणजे जेवणे, खाणे. मी जेवतो, ती जेवली, ते उद्या जेवतील, सर्वत्र ‘माकान’ तेच. ‘दिया’ या एका शब्दात तो आणि ती दोघेही सामावतात. ‘जातो, जाते, जातात’ हे लहानपणी घोकलेले सारे येथे निरुपयोगी ठरते. नवशिक्याला त्याचा प्रथम आनंद होतो आणि मग धास्ती वाटते. क्रियापद काहीच सांगत नसेल, तर ऐकणाऱ्याला कळावे कसे?

त्यासाठी मलय माणूस क्रियापदाच्या आधी एक सुटा शब्द ठेवतो: ‘सदांग’. ‘साया सदांग माकान’ म्हणजे मी जेवत आहे. ‘चुचू साया सदांग तिदुर’ म्हणजे माझे नातवंड झोपले आहे. दुपारी दाराची घंटा वाजविणाऱ्यास एवढे एक वाक्य सांगता आले, तरी आजींचे निम्मे काम झाले म्हणावयाचे. (उच्चाराविषयी दोन शब्द. ‘सदांग’मधील पहिला ‘स’ आपल्या ‘सण’मधल्या सारखा आखूड आहे. रोमन लिपीत तेथे ‘इ’ हे अक्षर लिहितात, त्यामुळे इंग्रजीतून शिकणारे ‘सेडांग’ म्हणतात. मराठी माणसाने ही चूक करण्याचे कारण नाही. आपला साधा ‘अ’ येथे नेमका बसतो. शेवटचा ‘ग’ मोकळा उच्चारावयाचा नाही, ‘वाङ्मय’ म्हणताना ङ नाकात घुमतो तसा घुमवावयाचा.)

आता खरी मेख. शिकवणाऱ्या पुस्तकांत ‘सदांग’चा अर्थ बहुधा ‘आहे’ या क्रियारूपाने दिलेला असतो, आणि नवशिका समजतो की हा वर्तमानकाळाचा शब्द आहे. तसे नाही. ‘समालाम, कतिका दिया दातांग, साया सदांग माकान’ याचा अर्थ ‘काल तो आला तेव्हा मी जेवत होतो’ असा आहे. येथे ‘समालाम’ने, म्हणजे ‘काल’ या शब्दाने, काळाचे काम केले. ‘सदांग’ने फक्त एवढे सांगितले, की जेवण सुरू होते, उरकले नव्हते. आपल्या ‘जेवत आहे’ आणि ‘जेवत होतो’ यांतील ‘जेवत’चा जो ‘त’, तेवढ्याचेच भाषांतर म्हणजे ‘सदांग’. ‘आहे’ला आणि ‘होतो’ला मलयात शब्दच नाही आणि तो शोधूही नये. हा एक मुद्दा मनात पक्का बसला की पुढचे व्याकरण सोपे जाते.

बोलण्यात ‘सदांग’ऐवजी ‘तंगाह’ फार ऐकू येतो. या शब्दाचा मूळ अर्थ ‘मध्य’. ‘तंगाह मालाम’ म्हणजे मध्यरात्र, ‘तंगाह हारी’ म्हणजे मध्यान्ह. ‘दिया तंगाह माकान’ म्हणजे तो जेवणाच्या मध्यावर आहे, अर्थात जेवत आहे. क्रियेला जणू एक जागा समजून माणसाला तिच्या मधोमध उभे करण्याची ही कल्पना गमतीची आहे. आपल्या वऱ्हाडात ‘काय करून राहिला?’ असे विचारतात, तेथे माणूस क्रियेत ‘राहतो’. मलयात तो तिच्या ‘मध्यात’ असतो. वऱ्हाडी बोलीला नाके मुरडणाऱ्यांनी ही तुलना ध्यानात घ्यावी. चालू क्रियेसाठी राहण्याची, बसण्याची, मध्याची उपमा घेणे ही जगातील अनेक भाषांची रीत आहे, अडाणीपणाची खूण नव्हे. एवढे मात्र खरे, की अर्जात किंवा पत्रात ‘सदांग’ लिहावा आणि ‘तंगाह’ घरगुती बोलण्यासाठी ठेवावा.

‘सदांग’ कोठे वापरू नये, हेही सांगितले पाहिजे. ठाऊक असणे, आवडणे, हवे असणे या मनाच्या स्थिती आहेत. त्यांच्याआधी तो शोभत नाही. हल्ली मराठीतही ‘मला हे गाणे आवडत आहे’ असे सर्रास कानी पडते. आम्हांला ते खटकते, ‘आवडते’ पुरेसे आहे. मलयभाषकालाही ते तसेच खटकेल. दुसरे असे, की संदर्भावरून समजत असेल तेथे ‘सदांग’ गाळतात. फोनवर ‘काय करतोस?’ असे विचारले असता नुसते ‘माकान’ एवढे उत्तर पुरते. नवशिके प्रत्येक वाक्यात ‘सदांग’ घालतात. ते अशुद्ध नसते, पण प्रत्येक घासाला मीठ मागणाऱ्या पाहुण्यासारखे वाटते.

यानंतर त्याच्या दोन भावंडांची ओळख करून घेतलीच पाहिजे, कारण गोंधळ होतो तो येथे, आणि कधी कधी तो महाग पडतो. मराठीत ‘अजून’ हा शब्द आपण दोन उलट कामांसाठी वापरतो. ‘अजून ताप आहे’ आणि ‘अजून औषध घेतले नाही’ या दोन्ही वाक्यांत तो आहे. मलयात पहिल्यासाठी ‘मासिह’ आणि दुसऱ्यासाठी ‘बलुम’ असे निरनिराळे शब्द आहेत. ‘आनाक साया मासिह दमाम’ म्हणजे माझ्या मुलाला अजून ताप आहे. ‘दिया बलुम माकान उबात’ म्हणजे त्याने अजून औषध घेतलेले नाही. उबात म्हणजे औषध, आणि ते तेथे ‘खातात’. ‘बलुम’च्या पोटातच नकार आहे आणि ‘पुढे होईल’ ही आशाही आहे. मराठी माणसाला मात्र नकारासाठी सुटा शब्द हवा असतो. तो ‘तिदाक’, म्हणजे नाही, हा शब्द उचलतो आणि ‘दिया तिदाक माकान उबात’ असे म्हणतो. याचा अर्थ परिचारिकेला लागेल तो असा: हे मूल औषध घेत नाही. म्हणजे ते औषधावर नाहीच, किंवा घ्यावयास तयार नाही. आई सांगत होती की सकाळची मात्रा राहिली आहे, ती द्यावयाची आहे. ऐकणाऱ्याने निराळेच ऐकले. तापाने फणफणलेले मूल मांडीवर असताना हा फरक व्याकरणाचा राहत नाही. म्हणून ज्यांना परक्या दवाखान्यात जाण्याचा प्रसंग येऊ शकतो, त्यांनी इतर काही पाठ केले नाही तरी ‘मासिह’ आणि ‘बलुम’ ही जोडी पाठ करावी. ‘सुदाह’, म्हणजे झाले, उरकले, हा तिसरा शब्द जोडला की चित्र पुरे होते. ‘सुदाह माकान?’ जेवलात का? ‘बलुम.’ अजून नाही. ‘सदांग माकान.’ जेवतोच आहे. ‘मासिह माकान.’ अजून जेवण चाललेच आहे. ‘सुदाह.’ जेवलो. हे ‘सुदाह माकान?’ मलेशियात कुशल विचारल्यासारखे सहज विचारले जाते. त्यावर पाच पानांचे उत्तर अपेक्षित नसते.

शब्दसंग्रहाची धास्ती घेऊ नये. सुमात्रातील पालेंबांगजवळ 1920 साली सापडलेला सातव्या शतकाचा केदुकान बुकित येथील शिलालेख हा मलय भाषेच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक आहे. तो पल्लव लिपीत आहे आणि त्यातील कालगणना शकाची आहे. इतक्या जुन्या संबंधामुळे आपले पुष्कळ शब्द तेथे नांदत आहेत: भाषेला ‘बाहासा’, गुरूला ‘गुरू’, पतीला ‘स्वामी’पासून आलेला ‘सुआमी’, पत्नीला ‘स्त्री’पासून आलेला ‘इस्तरी’, साखरेला ‘गुला’. वर आलेला ‘कतिका’ म्हणजे ‘जेव्हा’. तो ‘घटिका’ शब्दाचे रूप आहे. काही शब्द मात्र फसवे आहेत. ‘मासा’ म्हणजे वेळ, मत्स्य नव्हे. ‘कर्जा’ ऐकून कोणी दचकू नये; तो ‘कार्य’ शब्दापासून आला असून त्याचा अर्थ काम असा आहे.

याच ‘कर्जा’चे एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. रस्ता खणलेला असला की आपल्याकडे ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावतात. मलेशियात त्याच अर्थी ‘कर्जा सदांग दिजालांकान’ असे लिहितात. ‘जालान’ म्हणजे रस्ता आणि चालणेही. ‘दिजालांकान’ म्हणजे चालविले जाते. ‘काम चालविले जात आहे’: शब्दाला शब्द जुळतो! काम ‘चालते’ ही कल्पना दोन्हीकडे कशी उपजली, कोण जाणे.

सरावासाठी घरातच पाहावे. क्रियापदाच्या आधी ‘सदांग’ ठेवावयाचा, आणि कर्म नंतर येते, मराठीसारखे आधी नाही. वाचणे ‘बाचा’, त्याचे कर्मासह येणारे रूप ‘मम्बाचा’. सोलणे ‘कुपास’, त्याचे ‘मंगुपास’. पपनसाला तेथे ‘लिमाउ बाली’ म्हणतात. हे फळ मुळात त्याच आग्नेय आशियाई प्रदेशातले. बंगालीत तर त्याला बाटाव्हिया शहरावरून ‘बाताबी लेबू’ असे नाव आहे. तेव्हा देवनहळ्ळीचे पपनस सोलीत बसलेल्या आजींविषयी ‘नेनेक सदांग मंगुपास लिमाउ बाली’ असे म्हणता येईल. नेनेक म्हणजे आजी. दोन क्रिया एकदम चालल्या असतील, तर मध्ये ‘साम्बिल’ घालावा: ‘दिया माकान साम्बिल मम्बाचा’, तो वाचत वाचत जेवतो. ही सवय मुलांची सर्व देशांत सारखीच आहे.

शेवटी इंडोनेशियास जाणाऱ्यांसाठी एक सूचना. तेथील भाषा मलयाचीच सख्खी बहीण. 1972 साली दोन्ही देशांनी आपले शुद्धलेखनही एकमेकांशी जुळवून घेतले. पण जकार्ताच्या बोलण्यात ‘सदांग’ऐवजी ‘लागी’ हा शब्द येतो: ‘साया लागी माकान’, मी जेवत आहे. कुआलालंपुरात ‘लागी’ म्हणजे ‘आणखी’, आणि तो क्रियापदाच्या नंतर येतो. तेथे यजमानीण वाढणी हातात घेऊन ‘माकान लागी’ म्हणू लागली, तर ती आपण जेवत आहोत असे सांगत नसते. आणखी थोडे घ्या, असा आग्रह करीत असते.