मोबाईलवरील जाहिरात आणि आपली ऊस रोपवाटिका



आपल्या सभासदांपैकी अनेक घरांतून आता ऊस रोपवाटिकेचा जोडधंदा उभा राहिला आहे. पूर्वी एकराला अडीच-तीन टन बेणे टिपरी करून लावले जाई. आता एक डोळ्याचे रोप ट्रेमध्ये वाढवून महिना-सव्वा महिन्याने रानात नेण्याकडे शेतकऱ्यांचा ओढा वाढला आहे. पाच फुटांची सरी आणि दोन रोपांत दोन फूट अंतर धरले तर एकराला ४,३५६ रोपे बसतात. अंतर दीड फूट ठेवले तर ५,८०८ लागतात. म्हणजे एक लाख रोपे तयार करणाऱ्याला सुमारे तेवीस एकरांचे गिऱ्हाईक हवे, आणि तेही ठरावीक आठवड्यात हवे.

या धंद्याची खरी मेख इथेच आहे. गुळाची ढेप वखारीत थांबते, बियाण्याचे पोते घरात थांबते, पण रोप थांबत नाही. महिना-सव्वा महिन्याचे रोप नेले नाही तर कपात मुळ्या गुंडाळू लागतात, पाने पिवळी पडतात आणि पुढे ते रोप कोणी फुकटही नेत नाही. समजा रोपाचा भाव अडीच रुपये आहे आणि लाखातली वीस हजार रोपे अशी वयस्क होऊन राहिली, तर पन्नास हजार रुपये बांधावर वाळले असे समजावे. म्हणून रोपवाटिकेला जाहिरात लागते, आणि आजकाल ही जाहिरात मोबाईलवर होते. तिच्याविषयी चार गोष्टी सभासदांपुढे मांडाव्यात, असे आम्हाला वाटले.

साधने कशी पालटत गेली

जाहिरातीचे साधन बदलण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. एकेकाळी दवंडी होती. मग भिंतीवर गेरूने रंगवलेली अक्षरे आली, आठवडी बाजारात रिक्षावर बांधलेला कर्णा आला, एस.टी. स्टँडवर वाटायची पत्रके आली. पण ती साधने वर्षानुवर्षे टिकत. मोबाईलवरची साधने दोन-चार वर्षांत पालटतात, आणि पालटताना आपल्याला विचारीत नाहीत.

थोडा मागचा हिशेब पाहू. तरुण मंडळींच्या आवडीचे ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी कायमचे बंद झाले. तोपर्यंत लोक फेसबुकवर गेलेलेच होते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झाले आणि रानात पाणी पाजणाऱ्याच्या हातातही व्हिडिओ आला. त्या काळात फेसबुकवर पान काढून रोपांचे फोटो टाकले की फुकटात शेकडो लोकांपर्यंत पोहोचत. पुढे जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले, की यापुढे नातेवाईक व मित्रांचा मजकूर आधी दिसेल आणि धंद्याच्या पानांचा मागे पडेल. ज्यांची सगळी भिस्त त्या पानावर होती, त्यांना आपलेच गिऱ्हाईक गाठण्यासाठी पैसे भरण्याची पाळी आली.

त्याच वर्षी व्हॉट्सअ‍ॅपने अफवांना आळा घालण्यासाठी भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असे बंधन घातले. २०२० मध्ये, फार वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असे ठरले. 'हे पत्रक पुढे ढकला' म्हणून होणारी जाहिरात तिथे मंदावली.

मग टिकटॉकचे दिवस आले. खेड्यापाड्यांतल्या पोरांनी त्यावर हजारोंनी प्रेक्षक मिळवले. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉकही गेले. रात्री असलेले प्रेक्षक सकाळी नाहीसे झाले, कारण त्यातील एकाचाही फोन नंबर कोणाच्या वहीत नव्हता. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केले आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स आणले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी तर फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकाच वेळी जगभर सुमारे सहा तास बंद पडले होते.

खंडाची जमीन आणि आपली जमीन

या सगळ्याचा अर्थ मोबाईलच्या नादी लागू नये, असा कोणी काढू नये. आपल्या वडिलांच्या काळात को ७४० या वाणाचे राज्य होते. पुढे को ८६०३२ आला, त्याच्या जोडीला कोएम ०२६५ आला. जो शेतकरी जुन्याच वाणाला धरून बसला तो मागे पडला. पण वाण बदलला म्हणून कोणी मशागत, सरी आणि शेणखत सोडले नाही. जाहिरातीचेही तसेच आहे. साधन नवे येईल ते घ्यावे, मात्र धंद्याची मशागत आपल्या हाती ठेवावी.

फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब ही सगळी खंडाने घेतलेली जमीन आहे. तिच्यात पीक जरूर घ्यावे, पण विहीर तिथे पाडू नये. विहीर आपल्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत असावी. रोपवाटिकेच्या बाबतीत ही आपली जमीन म्हणजे गिऱ्हाइकांची वही.

या वहीत फार काही लागत नाही. शेतकऱ्याचे नाव, गाव, फोन नंबर, वाण, किती रोपे नेली, लागणीची तारीख, आणि शेवटचा रकाना 'आमचे नाव कोठून कळले?' फोन आला की हा प्रश्न प्रत्येकाला विचारावा. कोणी म्हणेल 'पाव्हण्यांनी सांगितलं', कोणी 'यूट्यूबला बघितलं', कोणी 'बोर्ड दिसला'. हंगामाच्या शेवटी घरातल्या मुला-मुलीला बसवून त्या रकान्याची बेरीज करावी. कोणत्या साधनाने खरोखर रोपे खपली, हे त्यावरून कळते.

याचे कारण असे, की पाहणारे आणि घेणारे यांत फार अंतर आहे. 'आमचं रील लई चाललं, चाळीस हजार लोकांनी बघितलं' असे एखादा तरुण सभासद कौतुकाने सांगतो. कौतुक रास्तच आहे. पण त्यातले किती आपल्या टेम्पोच्या टप्प्यातले? दोनशे मैलांवरून पाहणाऱ्याला वाहतूक परवडत नाही आणि रोपही वाटेत हिरमुसते. चाळीस हजार अनोळखी प्रेक्षकांपेक्षा आसपासच्या दोन तालुक्यांतले चारशे ऊस उत्पादक आपल्याला अधिक मोलाचे.

कोणत्या साधनाला कोणते काम

प्रत्येक औताचे काम वेगळे असते, तसे या साधनांचेही आहे.

रील किंवा शॉर्ट्स हे ओळख करून देण्याचे साधन. अर्ध्या मिनिटात एकच गोष्ट दाखवावी. ट्रेमधून रोप उपटून मुळ्यांचा पांढरा झुबका दाखवावा, नाहीतर बेणेमळ्यातील ऊस तोडताना दाखवावा. गाणी आणि नाच यांची फॅशन दर महिन्याला बदलते, तिच्यामागे धावण्यात दिवस घालवू नये. रीलचे आयुष्य थोडे असते. चार दिवस चालते आणि मागे पडते.

यूट्यूबवरील आठ-दहा मिनिटांच्या व्हिडिओचे काम निराळे. शेतकऱ्याला अडचण आली की तो तिथे शोधतो. 'रोप लावताना पाणी आधी की नंतर', 'नांग्या कधी भराव्यात' अशा प्रश्नाचे साधे उत्तर बांधावर उभे राहून दिले, तर तो व्हिडिओ दोन-तीन वर्षांनीही गिऱ्हाईक आणतो.

व्हॉट्सअ‍ॅप हे व्यवहाराचे साधन. धंद्यासाठी असलेले व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस २०१८ मध्ये आले. त्यात वाणांची यादी, भाव, पत्ता व नकाशा मांडून ठेवता येतो आणि आपण रानात असताना आपोआप उत्तरही जाते. 'फोनच उचलत न्हाईत' ही तक्रार त्याने बरीच कमी होते. त्यातल्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांना एकदम निरोप पाठवता येतो. पण ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला असेल, त्यालाच तो पोहोचतो. म्हणून रोपे टेम्पोत भरताना गिऱ्हाइकाला 'आमचा नंबर सेव्ह करा' एवढे सांगायला विसरू नये. आणि रोज सुप्रभाताची फुले पाठवू नयेत. कामाच्या वेळीच कामाचा निरोप पाठवावा.

फेसबुकवर पैसे भरून जाहिरात करायचीच झाली, तर आपल्या गावाभोवती ठरावीक अंतरातल्या लोकांनाच ती दिसेल असे निवडता येते. ते निवडल्याशिवाय पैसे भरू नयेत. आधी थोड्या रकमेत आठवडाभर करून पाहावी, वहीतला रकाना पाहावा आणि मगच पुढचे पैसे घालावेत.

जाहिरातीचेही हंगाम-पत्रक हवे

रोपे तयार झाल्यावर 'रोपे मिळतील' अशी जाहिरात करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. जाहिरात ट्रे भरण्याच्या आधी झाली पाहिजे. अडसालीची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते. म्हणजे ट्रे जूनपासून भरावे लागतात आणि मागणीची नोंद मे महिन्यातच सुरू व्हायला हवी. पूर्वहंगामीची लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरची, तिची नोंद ऑगस्टमध्ये घ्यावी. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुरू लागणीसाठी नोव्हेंबरमध्येच निरोप जावा, कारण थंडीत रोपाची वाढ मंद असते आणि ट्रे लवकर भरावे लागतात.

नोंद होईल त्याच मानाने ट्रे भरावेत, वर मोजकीच जादा रोपे ठेवावीत. असे केले तर रोपे वयस्क होऊन वाया जाण्याचे संकट बहुतांशी टळते. शिवाय रोपे नेल्यावर पंधरा दिवसांनी वहीतल्या प्रत्येकाला एक फोन करावा. 'दादा, रोपं लागली का? किती गेली? नांग्याला काही द्यायची का?' एवढेच विचारावे. या एका फोनला कोणतेही रील तोलत नाही, आणि तो करायला घरातल्या माउलीलाही सहज जमते.

दाखवाल ते खरे असू द्या

आता थोडे कटू बोलणे भाग आहे. मोबाईलवर 'एकरी हमखास शंभर-सव्वाशे टन' अशा जाहिरातींचा सुळसुळाट झाला आहे. दुसऱ्याच्या फडाचे फोटो आपले म्हणून टाकले जातात. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला माणसाच्या दुप्पट जाडीचा ऊसही आता चित्रात दिसू लागला आहे. कोणत्याही वाणाचे उत्पन्न जमीन, पाणी, खत आणि हंगाम यांवर ठरते, रोपवाल्याच्या व्हिडिओवर ठरत नाही.

रोपाची फसवणूक लवकर कळत नाही, हे ध्यानात घ्यावे. शर्ट खराब निघाला तर परत देता येतो. वाण चुकीचा निघाला तर ते कांडी धरल्यावर कळते, आणि तोवर सहा-आठ महिन्यांचे पाणी, खत व मजुरी रानात गेलेली असते. पुढे खोडवाही त्याच वाणाचा येतो. लागण-नोंदीत वाण एक आणि रानात दुसराच, असे झाले की पक्वतेप्रमाणे आखलेला तोडणी कार्यक्रमही बिघडतो. अपक्व ऊस गव्हाणीत आला तर साखर उतारा घटतो, आणि उताऱ्याशी सर्वच सभासदांचा ऊसदर बांधलेला आहे. म्हणून रोपवाटिकेची जाहिरात हा एकट्याचा खासगी मामला राहत नाही.

रोपवाटिका चालवणाऱ्या सभासदांनी म्हणूनच जाहिरातीत चार गोष्टी अवश्य द्याव्यात : वाणाचे पूर्ण नाव, बेणे कोणत्या मळ्यातले व किती महिन्यांचे, ट्रे भरल्याची तारीख आणि आपला पूर्ण पत्ता. बेण्याचा ऊस नऊ ते अकरा महिन्यांचा, निरोगी व बेणेमळ्यातील असावा. खोडव्याचे बेणे वापरू नये.

रोपे घेणाऱ्या सभासदांसही आमचे सांगणे आहे. व्हिडिओ पाहून विसार पाठवू नका. एकदा रोपवाटिकेत समक्ष जा, बेणेमळा पाहा, पावतीवर वाणाचे नाव लिहून घ्या. रोपवाटिकावाल्यांनीही सावध राहावे. 'विसार पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका' असे सांगणारा गिऱ्हाईक नसून भामटा असतो, कारण पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे.

आज रील आहे. उद्या आणखी काही येईल, आणि आपली मुले-मुली ते आपल्याआधी शिकतील. त्यांना शिकू द्यावे. मोबाईल त्यांच्या हाती असावा, गिऱ्हाइकांची वही घरातल्या फळीवर असावी, आणि ट्रेमधले रोप मात्र जाहिरातीत सांगितले तेच असावे. मे महिन्याच्या आत ज्यांची वही तयार होईल, त्यांना अडसालीचा हंगाम जड जाणार नाही, असा आमचा विश्वास आहे.