आयर्विनच्या फुटांत सांगितलेली सांगली

बाहेरच्या माणसाला सांगली माहीत असते ती गणपती मंदिरामुळे, हळदीच्या पेठेमुळे आणि विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे रंगमंचावर आणलेल्या ‘सीता स्वयंवरा’मुळे. सांगलीकर मात्र स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलू लागला की गोष्ट पुरावर येते, आणि ती आयर्विन पुलाच्या फुटांत मोजली जाते. १९२९ पासून उभ्या असलेल्या या पुलापाशी कृष्णा नदी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ वर धोका. साऱ्या शहराची ही मोजपट्टी. तिच्यावर घरोघरच्या खुणा वेगळ्या: सूर्यवंशी प्लॉटात पाणी आधी शिरतं, कर्नाळ रस्ता कधी बंद होतो, शेरी नाल्यातून ते उलटं कसं फुगत येतं, धान्याची पोती माळ्यावर कधी टाकायची. या गोष्टी कौतुकाने ऐकून सोडून देण्याच्या नाहीत. शहराच्या पूरनियोजनात त्या पुरावा म्हणून दाखल झाल्या पाहिजेत.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: आठवण दगा देते. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं आणि तीच कमाल पातळी म्हणून लोकांच्या मनात पक्की बसली. तेव्हा उंबऱ्याला लागलं नव्हतं, आताही लागणार नाही, या भरवशावर २०१९ च्या ऑगस्टमध्ये कित्येक कुटुंबं घरातच थांबली. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पण इथे दोष आठवणीचा नव्हे, ती एकटी पडल्याचा. प्रत्येकाजवळ फक्त आपल्या उंबऱ्याचा आकडा होता. वरच्या गल्लीचा, पलीकडच्या पेठेचा अनुभव त्याला कोणी जोडून दिलाच नव्हता. एकाची आठवण चुकते, शंभर घरांच्या खुणा एकमेकींशी ताडल्या तर चूक उघडी पडते.

दुसरं म्हणणं असं की निळी आणि लाल पूररेषा नकाशावर आखलेल्या असताना या सांगोवांगीची गरज काय. रेषा पाणी कुठवर येऊ शकतं ते सांगते. ते कोणत्या बाजूने, कोणत्या क्रमाने आलं आणि किती दिवस हललं नाही, हे तिथे राहणारेच सांगतात. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं पाहा. पेव म्हणजे अरुंद तोंडाचा, आत रुंदावत गेलेला जमिनीतला खड्डा. त्यात हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. उघडल्यावर आतली कोंदट हवा जाऊ देऊन मगच माणूस खाली उतरायचा. २००५ च्या पुराने यातली बरीच पेवं निकामी केली. मातीत पाणी कुठे मुरलं, कुठे तुंबून राहिलं, याची जाण त्या कामातल्या माणसांना आहे.

लोकांच्या खुणांची ही नोंद सांगलीपुरती ठेवूनही चालणार नाही. सांगलीत पाऊस नसतानाही पाणी चढतं, कारण ते सातारा जिल्ह्यातून येतं. पाटणकडे कोयना धरणाचे दरवाजे उचलले की पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून खाली उतरतं, आणि हरिपुराशी वारणेची भर पडते. म्हणून विसर्गाचे क्युसेक ऐकताच सांगलीतला दुकानदार माल वर चढवायला घेतो. कराडात घाटाच्या किती पायऱ्या बुडाल्या आणि त्यानंतर किती तासांनी सांगलीच्या कोणत्या गल्लीत पाणी आलं, हे दोन्हीकडच्या लोकांकडून विचारून एकाच वहीत उतरवायला हवं. हे काम वॉर्डनिहाय, पावसाळ्याआधी होऊ शकतं.