विद्युत अग्रावरची हजेरी

मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देतात ते रसायनांच्या द्वारे. डोपामाइन हे त्यांपैकी एक. मेंदूच्या एका भागातील डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी मरू लागल्या की हात थरथरू लागतात, हालचाली मंदावतात. हाच पार्किन्सनचा विकार. म्हणून डोपामाइन अचूक मोजता येणे महत्त्वाचे आहे.

हे मोजमाप विजेने करता येते. द्रावणात कार्बनचे विद्युत अग्र बुडवून त्याचा विभव, म्हणजे विजेचा दाब, हळूहळू वाढवत नेतात. ठरावीक विभवाला डोपामाइनचा प्रत्येक रेणू दोन इलेक्ट्रॉन अग्राला देतो. त्याचे ऑक्सिडीभवन होते. पदार्थ कोणता हे विभवावरून कळते. तो किती आहे हे प्रवाहावरून.

अडचण येते ती क जीवनसत्त्वाची. आवळ्यात असणारे हे जीवनसत्त्व मेंदूतील द्रवातही असते, आणि तेही डोपामाइनच्या शेकडो पट. साध्या अग्रावर दोघांचेही ऑक्सिडीभवन जवळजवळ एकाच विभवाला होते. हजेरीच्या वेळी सारा वर्ग एकदम 'हजर' म्हणून ओरडला, तर हळू आवाजाच्या मुलाचे उत्तर गुरुजींना कसे ऐकू यावे?

उपाय सापडला तो कार्बनच्याच दुसऱ्या रूपात. १९९१ साली जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इइजिमा यांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. कार्बन अणूंची षट्कोनी जाळी कागदासारखी गुंडाळावी, तशी त्यांची रचना. जाडी अवघी काही नॅनोमीटर. १९९६ साली ब्रिटो, सन्थानम आणि अजयन यांनी अशा नळ्यांच्या अग्रावर डोपामाइनचे ऑक्सिडीभवन करून दाखवले. यांपैकी सन्थानम हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील.

पुढे सोपी रीत रूढ झाली. नळ्या द्रवात विखरून त्याचा थेंब घासून चकचकीत केलेल्या कार्बन-अग्रावर टाकायचा व वाळू द्यायचा. नळ्यांच्या टोकांशी इलेक्ट्रॉनांची देवघेव जलद होते. त्यामुळे क जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीभवन कमी विभवालाच उरकते, आणि डोपामाइनची पाळी त्यानंतर सुमारे ०.२ व्होल्टने येते. शिवाय टोकांवरील ऑक्सिजनयुक्त गट ऋणभारित असतात. ते धनभारित डोपामाइनला जवळ ओढतात आणि ऋणभारित क जीवनसत्त्वाला दूर लोटतात.

अजून एक अडचण आहेच. ऑक्सिडीभवनातून तयार झालेले पदार्थ अग्राला चिकटतात आणि त्याची संवेदनक्षमता घटते. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवा. तुमच्या पेन्सिलीतील ग्रॅफाइटही कार्बनच, आणि या नळ्याही कार्बनच. अणू तेच, मांडणी बदलली, की गुण बदलतात.