“तुम्ही डॉक्टर का?”

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर अधूनमधून शहरातली मुलंमुली फॉर्म घेऊन येतात. पाणी कुठलं, पोर काय खातं, विचारतात. आपण म्हणतो, “तुम्ही डॉक्टर का?” की ती गडबडतात. असं का होतं, ते आज समजून घेऊ.

ही मुलं सार्वजनिक आरोग्य शिकतात. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हा अभ्यासक्रम आहे. तो घेणाऱ्यांत कुणी दातांचे डॉक्टर असतात, कुणी आयुर्वेदाचे, कुणी नर्स, तर कुणी समाजकार्य शिकलेले. जुनी ओळख मागे राहते आणि नवी एका शब्दात सांगता येत नाही.

फरक सोपा आहे. पोराला जुलाब झाले, तर डॉक्टर त्या पोराला औषध देतात. सार्वजनिक आरोग्यवाला विचारतो, एकाच पाड्यातली दहा पोरं का आजारली? मग तो विहिरीकडे जातो, पाण्यात टीसीएल पडली का ते बघतो.

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं शंभरावर बालकं गेली. एवढी पोरं एकदम जातात, तेव्हा नुसतं औषध पुरत नाही. भूक, रोजगार, रस्ता, सगळंच तपासावं लागतं.

आमच्या गटात अशी एक विद्यार्थिनी आली होती. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते अतितीव्र कुपोषित, हे तिला पाठ होतं. एका बाळाचा दंड तसा भरला. तिनं लिहिलं, “आईचं दुर्लक्ष.” आमच्या बाया गप्प बसल्या नाहीत. दिवाळीनंतर ती आई वीटभट्टीवर जाते, तिथं बाळाचं नाव अंगणवाडीत नसतं, हे त्यांनी सांगितलं. मुलीनं ती ओळ खोडली. म्हणाली, “मी काय शिकतेय, ते मला आज कळलं.” बाळाला आम्ही त्याच दिवशी आशाताईंकडे नेलं.

त्याआधी आलेले काही जण मात्र फॉर्म भरून गेले, ते परतलेच नाहीत.

म्हणून बायांनो, कुणी विचारायला आलं तर खरं सांगा. नको वाटलं तर नाही म्हणा, तो आपला हक्क आहे. आणि आपणही विचारा, “याचं काय करणार? जे लिहिलं, ते आमच्या बैठकीत वाचून दाखवाल का?” जो वाचायला परत येईल, त्याला आपलं काम नीट समजलं असं समजा.