सॉल्ट, कस आणि दायमाबादचा हत्ती

प्रॅक्टिकलला पुडीतली पूड निळी निघाली की परीक्षार्थी हरखतो; कॉपर समोरच दिसतं. पांढरी निघाली की पंचाईत. शिसं, जस्त, बेरियम, मॅग्नेशियम, सगळ्यांचे बहुतेक क्षार पांढरेच. मग सुरू होते वजाबाकी. पुण्याच्या कॉलेजांत पिढ्यान् पिढ्या मुलांनी 'सॉल्ट' ओळखलं ते अशी एकेक शक्यता बाद करत. या पद्धतीची शिस्त कार्ल फ्रेसेनिउस या जर्मन रसायनज्ञाने १८४१च्या आपल्या पुस्तकात बसवून दिली.

द्रावणात आधी हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं. पांढरा 'पीपीटी', म्हणजे तळाशी बसणारा साका, आला तर शिसं, चांदी किंवा पारा. नाही आला तर किप्स अ‍ॅपरेटसमधला हायड्रोजन सल्फाइड सोडायचा. त्याच्या सडक्या अंड्याच्या वासानं अख्खा मजला ओळखायचा की आज कुणाचं प्रॅक्टिकल आहे. आम्लात सल्फाइड आयन फार थोडे सुटतात, त्यामुळे तांब्याचं काळं आणि कॅडमियमचं पिवळं सल्फाइड खाली बसतं, जस्त मात्र द्रावणातच राहतं. पुढे अमोनिया घालून द्रावण अल्कधर्मी केलं की मगच जस्ताचं पांढरं सल्फाइड उतरतं. क्रम चुकला की सगळंच चुकलं. लोह-अ‍ॅल्युमिनियमच्या गटात अमोनियाआधी अमोनियम क्लोराइड घालायला विसरलात, तर मॅग्नेशियमही उगीच त्यांच्याबरोबर खाली बसायला बघतं.

हे अमोनियम क्लोराइड म्हणजे कल्हईवाल्याचा नवसागर. वाड्यांच्या चौकात तापलेल्या पातेल्यावर तो चोळला की पांढरा धूर उठायचा, भांड्यावरचा ऑक्साइडचा थर सुटायचा आणि मग कथील पसरायचं. जर्नल लिहिताना हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

सराफांकडे प्रश्न वेगळा असतो. तिथे सोनं आहे हे गृहीतच. किती आहे, एवढंच विचारायचं. पूर्वी दागिना कसोटीच्या काळ्या दगडावर घासायचे, रेघेवर आम्ल लावायचे आणि रेघ किती टिकते ते पाहायचे. सरावलेली नजर कसाचा अंदाज सांगायची, पण तो अंदाजच. १६ जून २०२१पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला. एक्स-रे यंत्र दागिना न मोडता आकडा देतं, मात्र त्याला दिसतो तो वरचा पातळ थरच. आत काय आहे त्याची खात्री हवी असेल तर जुनी अग्निपरीक्षाच करावी लागते. नमुना चांदीबरोबर शिशाच्या पत्र्यात गुंडाळून सच्छिद्र मुशीत तापवतात. शिसं आणि हलके धातू ऑक्साइड होऊन मुशीत शोषले जातात. उरलेल्या मण्यातली चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून टाकतात आणि राहिलेलं सोनं तोलतात. शेवटी इथेही वजाबाकीच. बावीस कॅरेटच्या दागिन्यावर ९१६ उमटतं, म्हणजे हजारात नऊशे सोळा भाग सोनं.

पुरातत्त्वात हेच आकडे कोड्यात पाडतात. १९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबादला एका गावकऱ्याला खणताना तांब्याच्या चार भरीव ओतीव वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ. एकूण वजन साठ किलोहून जास्त. डेक्कन कॉलेजचे म. के. ढवळीकर आणि इतर काही पुरातत्त्वज्ञांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. पण रासायनिक पृथक्करणात एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक निघालं. ताम्रपाषाणयुगातल्या इतर वस्तूंमध्ये असं आर्सेनिकचं मिश्रण आढळलेलं नाही, यावर बोट ठेवून पुरातत्त्वज्ञ डी. पी. अग्रवाल यांनी त्या कालनिर्णयावरच शंका घेतली.

मला ही शंका रास्त वाटते, पण तिच्या जोरावर निकाल लागत नाही. आर्सेनिक मुद्दाम मिसळलेलं असेल, किंवा खनिजातूनच आलेलं असेल; नुसत्या टक्केवारीवरून हे ठरवता येत नाही. तांब्याचं वय कार्बन-१४नेही काढता येत नाही. या वस्तू शास्त्रशुद्ध उत्खननात, ठरावीक थरात, खापरांच्या आणि कोळशाच्या सोबतीनं मिळाल्या असत्या, तर त्या कोळशावरून तरी काळ काढता आला असता.