तेल, तूप आणि थायरॉइड : कोण कोणाला नाचवतं?

थायरॉइडचं निदान झालं की घरात पहिली कुऱ्हाड पडते ती तेलाच्या बरणीवर. मावशी सांगते, शेंगदाणा तेल बंद कर. शेजारच्या काकू म्हणतात, रोज सकाळी चमचाभर खोबरेल पी. कोणाच्या तरी मोबाइलवर तुपाची महती आलेलीच असते. आणि या गडबडीत डॉक्टरांनी लिहून दिलेली इवलीशी गोळी चहाच्या घोटाबरोबर पोटात जाते.

तेलातुपाने थायरॉइडचा आजार होतो किंवा बरा होतो, याला माणसांवरच्या अभ्यासांचा भक्कम आधार नाही. उलट दिशेचा पुरावा मात्र ढीगभर आहे. रक्तातलं कोलेस्टेरॉल, यकृतातली चरबी, थंडीत अंग गरम ठेवणारी चरबी, या सगळ्यांवर हुकूम चालतो तो गळ्यातल्या जेमतेम वीस ग्रॅमच्या ग्रंथीचा. त्या हुकमतीचे हे काही मासले.

कोलेस्टेरॉल वाढलंय? आधी गळ्याकडे बघा

तूप सोडलं, अंड्यातला पिवळा बलक सोडला, फरसाणाच्या डब्याकडे पाठ फिरवली, तरी रिपोर्टातला एलडीएलचा आकडा जागचा हलत नाही. असं झालं की चांगला डॉक्टर एक साधी तपासणी सांगतो : टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन. थायरॉइड मंदावलं की ते वर चढतं.

कारण असं. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडणारे ग्राहक असतात. रक्तातून वाहणारं 'वाईट' कोलेस्टेरॉल ते ओढून आत घेतात. या ग्राहकांचा शोध लावणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. हे ग्राहक किती तयार व्हायचे, यात थायरॉइडच्या हार्मोनचा मोठा वाटा असतो. हार्मोन कमी पडलं की ग्राहक घटतात, आणि कोलेस्टेरॉल रक्तातच घिरट्या घालत राहतं. ताटातलं तूप कमी करून ही गाठ सुटत नाही. थायरॉइडची गोळी सुरू झाली की पुष्कळांचा आकडा आपसूक खाली येतो.

टीएसएचची चाचणी हाताशी नव्हती त्या काळात डॉक्टर हाच धागा उलटा ओढायचे. सुस्ती, कोरडी त्वचा, थंडी सोसत नाही आणि वर कोलेस्टेरॉल चढलेलं, असं दिसलं की थायरॉइड मंदावल्याचा संशय घ्यायचे.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. थायरॉइड मंद असताना त्यावर उपचार न करता कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी सुरू केली, तर स्नायू दुखण्याचा, त्यांना इजा होण्याचा धोका वाढतो. म्हणून कोलेस्टेरॉल पहिल्यांदाच वाढलेलं दिसलं, तर टीएसएच पाहिला का, हे डॉक्टरांना न लाजता विचारावं.

एकदा फसलेला डाव, एकदा जमलेला

थायरॉइडचं हार्मोन कोलेस्टेरॉल उतरवतं, तर मग थायरॉइड ठणठणीत असलेल्यांनाही ते देऊन का पाहू नये? अमेरिकेत हा विचार झाला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांवरच्या 'कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट' या मोठ्या चाचणीत एका गटाला डेक्स्ट्रोथायरॉक्सिन दिलं गेलं. हा आपल्या हार्मोनचाच रेणू, पण आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा. कोलेस्टेरॉल उतरलं खरं, पण त्या गटात मृत्यू जास्त होताहेत असं दिसू लागलं आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हे औषध चाचणीतून काढून टाकावं लागलं. आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारला असं नाही, हे वैद्यक इथे फार मोठी किंमत देऊन शिकलं.

पुढची पन्नास वर्षं शास्त्रज्ञ एकाच प्रश्नामागे होते : हृदयाला न डिवचता फक्त यकृताला थायरॉइडचा निरोप कसा पोहोचवायचा? हार्मोनचे ग्राहक दोन मुख्य प्रकारचे असतात. हृदयात अल्फा जास्त, यकृतात बीटा जास्त. मुख्यतः बीटाचं दार ठोठावणारं रेसमेटिरोम हे औषध तयार झालं आणि मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याला मंजुरी दिली. कशासाठी? फॅटी लिव्हरचा बळावलेला प्रकार, ज्यात यकृताला सूज येऊन व्रण पडू लागतात, त्यासाठी. या आजारावर तिथे मंजूर झालेलं हे पहिलंच औषध, आणि ते थायरॉइडच्या हार्मोनची नक्कल करणारं निघालं.

मेंढीची ग्रंथी, तव्यावर परतून

बाहेरून हार्मोन देण्याची कल्पना मात्र बरीच जुनी. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा ग्लिसरीनमध्ये काढलेला अर्क एका बाईंना टोचला. बाईंचं वय ४६, थायरॉइड पार मंदावलेलं. त्या बऱ्या झाल्या आणि पुढे २८ वर्षं जगल्या. तेवढ्या काळात त्यांच्यासाठी ८७०हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या.

दुसऱ्याच वर्षी कळलं की सुई टोचायचीही गरज नाही, ग्रंथी खाल्ली तरी चालते. फॉक्स नावाच्या डॉक्टरांनी तर आठवड्यातून एकदा मेंढीची अर्धी ग्रंथी हलकीशी परतून करंट या फळाच्या जेलीबरोबर द्यायला सुरुवात केली. आजच्या गोळीची ही पणजी!

याचीच काळी बाजू जवळजवळ शंभर वर्षांनी दिसली. १९८४-८५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा, साउथ डकोटा आणि आयोवा या राज्यांच्या सीमाभागात माणसांना अचानक धडधड, घाम, थरथर आणि वजन घटण्याचा त्रास सुरू झाला. १२१ जणांना. थायरॉइड अतिसक्रिय झाल्यासारखी लक्षणं, पण ग्रंथी मात्र कोणाचीच बिघडलेली नाही. शोध एका कत्तलखान्यापाशी येऊन थांबला. तिथे गुरांच्या गळ्याजवळचं मांस खरवडताना थायरॉइडही खिम्यात जात होतं आणि लोक हॅम्बर्गरमधून हार्मोन खात होते. त्यानंतर अमेरिकेत गळ्याचं मांस असं वापरण्यावर बंदी आली.

खसखशीच्या तेलाची सुई

तेलाने थायरॉइडचं खरोखर भलं केलं, तेही हजारो जणांचं, अशी एक गोष्ट आहे. ती फोडणीच्या तेलाची नाही, सुईतल्या तेलाची आहे.

पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात मातीतच आयोडीन अगदी कमी. गलगंड तिथे घरोघरी असायचा. त्याहून भयंकर म्हणजे क्रेटिनिझम : आईला आयोडीन कमी पडल्यामुळे बाळ जन्मतःच मतिमंद, अनेकदा मूकबधिर. अशा दुर्गम खोऱ्यांत आयोडीनयुक्त मीठ पोहोचवणार कोण आणि कसं? उपाय निघाला तो खसखशीच्या तेलातून. त्यातल्या असंतृप्त मेदाम्लांना आयोडीन रासायनिकरीत्या चिकटवता येतं. फ्रान्समध्ये मार्सेल गेर्बे यांनी १९०१ मध्येच असं तेल बनवलं होतं. ते दंडात टोचलं की स्नायूत साठून राहतं आणि काही वर्षं थोडं थोडं आयोडीन सोडत राहतं.

१९६६ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या जिमी खोऱ्यात डॉ. पीटर फॅरो आणि सहकाऱ्यांनी एका आड एक कुटुंबाला हे तेल टोचलं आणि उरलेल्यांना मिठाचं पाणी. गर्भ राहण्याआधी तेल मिळालेल्या आयांच्या बाळांत क्रेटिनिझम जवळपास दिसलाच नाही. दुसऱ्या गटात तो होत राहिला. १९७१ मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि आयोडीनकडे बघण्याची जगाची नजरच बदलली. गलगंड ही केवळ गळ्याची गाठ नव्हे, प्रश्न गर्भातल्या मेंदूचा आहे, हे तेव्हा ठसलं.

आपल्याकडे हेच काम मिठाने केलं. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून आयोडीनयुक्त मीठ वाटून ते सिद्ध केलं आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

आणि हो, तेलाच्या तांत्रिक तक्त्यात 'आयोडीन मूल्य' दिसलं तर त्यातून आयोडीन मिळतं असं समजू नका. तेलात आयोडीन नसतं. शंभर ग्रॅम तेल प्रयोगशाळेत किती ग्रॅम आयोडीन शोषून घेतं, त्यावरून ते किती असंतृप्त आहे हे कळतं, इतकंच. खोबरेल दहाच्या आतबाहेर, तूप तिशीच्या आसपास, शेंगदाणा नव्वदीच्या जवळ, करडई १३५च्या पुढे, जवस १७०च्याही वर.

खोबरेल, सोया, मोहरी : आरोप आणि वस्तुस्थिती

खोबरेल थायरॉइडला 'चालना' देतं हा दावा फार फिरतो. ते सिद्ध करणारी एकही धड चाचणी नाही. मालवणी जेवणात खोबरं आहे ते चवीसाठी आणि तिथल्या मातीसाठी, ते तसंच असू द्या. पण थायरॉइड मंद असल्यामुळे एलडीएल आधीच चढलेलं असताना वरून चमचे मोजून खोबरेल पिणं म्हणजे आगीत तेल ओतणं, कारण संतृप्त मेद एलडीएल वाढवतो.

सोयाबीनचं नावही यादीत असतं. ज्यांच्यावर हा आरोप आहे ती सोयातली आयसोफ्लेव्होन्स प्रथिनांच्या भागात असतात, शुद्ध केलेल्या तेलात ती जवळपास उतरतच नाहीत. सोया चंक्स, सोया दूध गोळीच्या अगदी जवळ घेतलं तर गोळीचं शोषण कमी होऊ शकतं. त्यासाठी वेळेचं अंतर ठेवा. तेलावर राग नको.

मोहरीच्या जातकुळीत गलगंड वाढवणारी द्रव्यं आहेत. त्याच जातकुळीतल्या कोबीवर पोसलेल्या सशांना गलगंड झाल्याचं अमेरिकेत १९२८ मध्ये दिसलं होतं. पण तेल काढल्यावर ही द्रव्यं मुख्यतः पेंडीत राहतात, त्यामुळे काळजी करायची ती जास्त पेंड खाणाऱ्या गुरांची. पुरेसं आयोडीन मिळणाऱ्या माणसाला शिजवलेल्या कोबी-फ्लॉवरची भीती नको.

खरोखर थायरॉइडवर डाग ठेवणारं एक तेल होतं, आणि ते होतं कोल्ड्रिंकमध्ये. लिंबू-संत्र्याचा स्वाद तेलकट असल्यामुळे पाण्यावर तरंगतो. तो तरंगू नये म्हणून तेलाला ब्रोमीन जोडून ते जड करायचे. ब्रोमीन हा आयोडीनचा सख्खा नातेवाईक. उंदरांवरच्या प्रयोगांत या तेलाने थायरॉइडवर परिणाम झालेला दिसला आणि अमेरिकेने २०२४ मध्ये परवानगी काढून घेतली. भारताने ते १९९०मध्येच बंद केलं होतं! याचं कौतुक आपणच कमी करतो.

पाठीवर थाप मारावी असा मेद एकच : समुद्री माशांचा. बांगडा, तारली यांत ओमेगा-३ आहे, पण थायरॉइडला उपयोग त्याच्या सोबत्यांचा. आयोडीन हार्मोन घडवायला लागतं, आणि सेलेनियम ग्रंथीतून निघणाऱ्या टी-४ हार्मोनचं कामकरी टी-३ करणाऱ्या विकरांना.

वजनाचा ठपका

थायरॉइड मंदावल्याने वजन वाढतं, हे खरं. पण किती? सहसा दोन ते पाच किलो, आणि त्यातला बराचसा भाग मीठ-पाण्याचा, चरबीचा नाही. वीस किलोंचं खापर या ग्रंथीवर फोडता येत नाही. उलट लठ्ठपणातच टीएसएच किंचित वर जातो आणि वजन उतरलं की खाली येतो. म्हणजे तिथे चरबीच ग्रंथीच्या कानाला लागलेली असते.

कडक उपासात टी-३ घसरतं, कारण शरीर खर्चात कपात करतं. पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद करून तूप-लोण्यावर भिस्त असलेल्या आहारातही ते उतरलेलं आढळतं. गोळी घेणाऱ्याने असा आहार सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

सकाळची ती गोळी

आता ओट्यापाशी या. पहाटे आधण ठेवलेलं, आलं किसलेलं, दुधाचं पातेलं बाजूला, आणि खिडकीत गोळ्यांची बाटली. थायरॉक्सिनच्या, म्हणजे थायरॉइडच्या हार्मोनच्या, गोळीचा सगळा खेळ इथेच ठरतो, कारण मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि थोडं शोषण चुकलं तरी रिपोर्ट डळमळतो.

गोळी साध्या पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी. त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही, चहाही नाही. दुधातलं कॅल्शियम आतड्यात गोळीला धरून ठेवतं. कॉफी शोषण घटवते, हे इटलीतल्या डॉक्टरांनी एस्प्रेसोच्या संदर्भात २००८मध्ये दाखवलं. तूप घातलेली कॉफी हल्ली फॅशनमध्ये आहे, तिलाही हाच नियम. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने. गरोदर बाईंना या तिन्ही गोळ्या एकदम लिहून दिलेल्या असतात आणि सोयीसाठी त्या एकदमच घेतल्या जातात. बाळाच्या मेंदूसाठी याच काळात हार्मोन सर्वांत मोलाचं असतं, म्हणून घरातल्या कोणीतरी हे अंतर आवर्जून सांभाळावं.

सकाळी डबे, शाळा, लोकल यांच्या धावपळीत तासभर थांबणं जमत नसेल, तर डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घ्या. जेवणानंतर किमान तीन तास झालेले हवेत, म्हणजे साडेसातला जेवण आटोपलं तर साडेदहाला गोळी. आणि वेळ बदलली तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासायचा.