बाकावरचा फॉरवर्ड कसा निवडायचा?

कोल्हापुरात फुटबॉलवर व्याख्यान द्यायचं म्हणजे धाडसच आहे, कारण इथं शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेला प्रत्येक जण प्रशिक्षक असतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी, प्रॅक्टिस, फुलेवाडी, संघ कुठलाही घ्या, सुरुवातीचे अकरा कोण असावेत हे पेठेतलं शेंबडं पोरगंही सांगेल. बारावा कोण, यावर मात्र कुणी बोलत नाही. आज फक्त त्याच्याबद्दल बोलूया, आणि त्यातही फॉरवर्डबद्दल.

आधी नियमाचं थोडक्यात. वर्ल्डकपमध्ये बदली खेळाडू पहिल्यांदा उतरले ते 1970 साली मेक्सिकोत, तेही सामन्याला दोनच. पुढे तीन झाले. 2020 मध्ये कोरोनामुळे पाच बदलांची मुभा मिळाली आणि 2022 पासून ती नियमातच कायम झाली. पाच बदल म्हणजे गोलरक्षक सोडला तर अर्धा संघ बदलला! त्यामुळे बाक हा आता अपघातापुरता राहिलेला नाही. स्पर्धेप्रमाणे आकडा वेगळा असेल, पण विचार तोच.

आता बघा, पहिली चूक इथंच होते. आपण विचारतो, 'दोन नंबरचा फॉरवर्ड कोण?' खरा प्रश्न असा की, एक नंबरचा बाहेर का येतोय? दहाव्या मिनिटाला पाय मुरगळला, तर त्याच्यासारखंच खेळणारा आणि ऐंशी मिनिटं टिकणारा गडी लागतो. एका गोलने मागे असाल आणि समोरच्यांनी डीमध्ये गर्दी केली असेल, तर पळणारा काय कामाचा? पळायला जागाच नाही. तिथं हेडर मारणारा, गर्दीत पाय घालणारा पाहिजे. आणि तुम्ही एका गोलने पुढे असाल तर थकलेल्या बॅकच्या मागे पळणारा पाहिजे. म्हणजे तीन प्रसंग, तीन वेगवेगळी पोरं. दोन नंबर असा कुणी एकटा नसतोच.

दुसरं, आकडे. समजा, एका पोराने 900 मिनिटांत 6 गोल केले, दुसऱ्याने 200 मिनिटांत 2. पहिल्याचा दर 150 मिनिटांना एक गोल, दुसऱ्याचा 100 मिनिटांना एक. लगेच कट्ट्यावर ओरड, 'दुसऱ्याला घ्या की!' थांबा जरा. दुसऱ्याचा एक गोल नशिबाचा होता असं धरलं, तर त्याचा दर 200 वर जातो. एका गोलने एवढा फरक पडत असेल, तर तो आकडा अजून कच्चा आहे. शिवाय बाकावरून येणारा खेळतो ती शेवटची वीस मिनिटं. मार्च-एप्रिलच्या उन्हात तोवर समोरच्या बॅकची जीभ बाहेर आलेली असते. ताज्या पायांना तिथं गोल सोपा जातो. म्हणून मी गोल मोजतो, पण त्याआधी शॉट कुठून मारले ते बघतो. योग्य जागी तो वारंवार पोचत असेल, तर गोल आज ना उद्या येतात.

तिसरं, चेंडू पायात नसताना तो काय करतो? अमेरिकन फुटबॉल हा आपल्यापेक्षा अगदी वेगळा खेळ, चेंडू हातात घेऊन पळायचा. तिथं रनिंग बॅक म्हणून एक जागा असते. पण तिथंही राखीव गडी निवडताना पळणं एवढंच बघत नाहीत. आपल्या क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्याला तो अंगावर घेऊन अडवतो का, हेही बघतात. नाही अडवलं तर तो कितीही पळो, बाकावरच. आपल्याकडे याच्या जागी कॉर्नर आहे. फॉरवर्डने आपल्या डीमध्ये येऊन माणूस धरायचा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका सामन्यात आम्ही एक-शून्य पुढे होतो. मी एका राखीव पोराला उतरवलं. सराव त्याचा कमी होता, पण पेठेतली मोठी माणसं आठवडाभर मागे लागली होती आणि मी वाकलो. कॉर्नरला कुणाला धरायचं हे त्याला मी नीट सांगितलंही नाही. त्याचाच माणूस मोकळा राहिला, हेडर आत. पेनल्टीवर हरलो. शिव्या पोराला पडल्या. पुढच्या हंगामात तो मैदानावर आलाच नाही. चूक माझी होती.

तयारीचंही बोललं पाहिजे. 26 मे 1999, बार्सिलोना, चॅम्पियन्स लीगची फायनल. मँचेस्टर युनायटेडचा सोल्शायर 81व्या मिनिटाला उतरला आणि जादा वेळेत त्याने विजयी गोल मारला. बाकावर बसून समोरच्या संघाचा अभ्यास करायचो, असं त्याने स्वतः सांगितलंय. आपली पोरं बाकावर मोबाईल बघतात. मी आता राखीव पोराला विसाव्या मिनिटाला विचारतो, 'त्यांचा स्टॉपर कुठल्या पायाने कच्चा आहे?' उत्तर आलं नाही तर तो त्या दिवशी उतरत नाही.

आणि जवळचं उदाहरण घ्या. 2017 चा सतरा वर्षांखालील वर्ल्डकप, ज्यात आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला. भारताचा एकमेव गोल 9 ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध आला, कॉर्नरवर, जीक्सन सिंगच्या हेडरने. अमेरिकेविरुद्धच्या पहिल्या सामन्यात तो सुरुवातीच्या अकरात नव्हता.

श्रोत्यांमधून एक चिठ्ठी आलीय: 'सर, बाहेरचा तयार खेळाडू बाकासाठी आणावा की पेठेतला पोरगा ठेवावा?'

अकरात बाहेरचा असायला माझी हरकत नाही, त्याच्याकडून आपली पोरं शिकतात. पण बाकावर पैसे देऊन माणूस बसवणं मला पटत नाही. त्याला दहा मिनिटं मिळोत न मिळोत, तो हंगाम संपला की गेला. पेठेतल्या पोराला तीच दहा मिनिटं आठ सामन्यांत द्या, 80 मिनिटं होतात, जवळजवळ एक अख्खा सामना. आणि ती हातातून गेलेल्या सामन्यात देऊ नका, एक-एक असताना द्या. त्याशिवाय तो कसा आहे, हे तुम्हाला कळणार कसं? पुढची चिठ्ठी घेऊ.